पत्र्याची काळी पेटी: फौजीच्या संसारासाठी कोणती घ्यावी, कोणती सोडावी

दर दोन-तीन वर्षांनी घर उचलायचं असेल तर पत्र्याची काळी पेटी घ्यावी. ती २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाड पत्र्याची असावी, तयार न घेता पेटीवाल्याकडून मापावर बनवून घ्यावी आणि लांबीला ३६ इंचांच्या पुढे जाऊ देऊ नये. थोडक्यात निकाल हा असा आहे. पुढे लिहिलंय ते असं का, आणि बनवून घेताना कुठे लक्ष ठेवायचं, यासाठी.

फौजीच्या घरातलं सामान बांधायचं काम बहुतेक वेळा त्याच्या बायकोवरच येतं. तो आधीच नव्या ठिकाणी हजर झालेला असतो, नाहीतर फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असतो, आणि क्वार्टर रिकामं करायची तारीख ठरलेली असते. म्हणून पेटीचं माप घेताना तिच्यात किती मावेल हे नंतर बघावं. एका टोकाला बाई आणि दुसऱ्या टोकाला शेजारची वहिनी, अशा दोघींना ती भरलेली उचलून दारापर्यंत नेता येईल का, हे आधी बघावं. दुकानात हे कुणी सांगत नाही. तिथे मोठ्यात मोठी पेटी पुढे केली जाते.

मराठवाड्यात पेटी तीन तऱ्हेने मिळते. पहिली रुखवताची: चकचकीत रंगाची, वर मोर नाहीतर गुलाब काढलेली, आणि पत्रा २६ गेजचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. नव्या नवरीच्या साड्या घरात ठेवायला ती छान आहे. ट्रकमध्ये तिच्यावर दुसरी पेटी चढली की झाकण आत बसतं आणि मग कडी कोयंड्याला जुळत नाही. दुसरी तयार काळी पेटी, जिल्ह्याच्या गावी भांड्यांच्या आणि लोखंडी कपाटांच्या दुकानांत एकावर एक रचलेली असते. ती साधारण २४ गेजची असते आणि एखाद-दुसऱ्या बदलीला पुरते. तिसरी मापावर बनवलेली. धान्याच्या कोठ्या बनवणारे कारागीर अजून तालुक्याच्या बाजारपेठेत आहेत आणि पेटीही त्यांच्याच हातची घ्यावी. कोठीत क्विंटलभर ज्वारी राहते, त्यामुळे तळाची घडी आणि काठाचं वळण कसं घालायचं हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. मात्र लगीनसराईत त्यांना उसंत नसते. मार्च-एप्रिलमध्ये शाळा संपताना हलायचं असेल तर पेटी जानेवारीतच सांगून ठेवावी. ऐन हंगामात घाईने केलेल्या पेटीला रंगाचा एकच हात मिळतो आणि तोही ओलाच घरी येतो.

आता पत्रा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटं गणित आधी डोक्यात पक्कं करावं. २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड, २२ म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, २० म्हणजे सुमारे ०.९. दुकानदार "बावीस आहे ताई" म्हणतो तेव्हा ते खरं की खोटं, हे काट्यावर लगेच कळतं. ३६ इंच लांब, २० रुंद, १८ उंच अशी रिकामी पेटी कड्या-बिजागऱ्यांसह २४ गेजमध्ये अंदाजे १२ किलो भरते, २२ मध्ये १५ आणि २० मध्ये १९. वजन ११-१२ आलं तर पत्रा बावीसचा नाही, मग तोंडाने काहीही सांगोत. भाव नगावर न ठरवता पत्र्याचा किलोचा दर आणि मजुरी वेगळी विचारली तर ही फसवणूक आपोआप टळते. काटा जवळ नसेल तर झाकणाच्या मधोमध अंगठा दाबावा. पातळ पत्रा टपकन आत जातो आणि टपकन वर येतो.

मग २० गेजची का नको? ती मजबूत असते, शंकाच नाही. पण रिकामीच चार किलो जास्त भरते आणि ते चार किलो प्रत्येक जिन्यावर अंगावर येतात. तेवढी मजबुती कमी वजनातही मिळवता येते. झाकणावर आणि तळावर फुलीच्या आकाराचा उभार ठोकून घ्यावा, म्हणजे २२ चा पत्रा दबत नाही. झाकणाच्या आतून मधोमध एक आडवी पट्टी मारली तर वर दुसरी भरलेली पेटी खुशाल ठेवता येते.

जोड कसा आहे ते तळ उलटा करून बघावं. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून ठोकलेली दुहेरी घडी असेल तर पेटी टिकते. काही जण वेळ वाचवायला इलेक्ट्रिक वेल्डिंगचे टाके मारतात. एक मिलिमीटरहून पातळ पत्र्याला ती उष्णता सोसत नाही. टाक्याशेजारी बारीक भोकं पडतात, तिथला रंग जळतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. वरच्या काठात तार घालून पत्रा वळवलेला असावा. नुसता दुमडलेला काठ हात कापतो आणि दोन-चारदा आपटला की वाकडा होतो.

पेटी बिघडते ती बहुतेक कड्यांपासून. दोन्ही बाजूंच्या उचलायच्या कड्या ८ मिलिमीटरच्या सळईच्या असाव्यात. ६ ची सळई भरल्या पेटीला हळूहळू ताणली जाते आणि बोटांत रुतते. पण सळईपेक्षाही तिला धरणारी पट्टी महत्त्वाची. ही पट्टी पत्र्यावर चार रिव्हेट मारून बसवतात. बाहेरून चारही दिसतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. झाकण उघडून आतून बोट फिरवावं. आतल्या बाजूला तळहाताएवढा जाड पत्र्याचा तुकडा लावून त्यातून रिव्हेट काढले असतील तर ओझं त्या सगळ्या तुकड्यावर पसरतं. तो तुकडा नसेल तर साठ किलोच्या पेटीचा निम्मा भार चार टिकल्यांएवढ्या जागेवर येतो, रिव्हेटची भोकं लांबट होत जातात आणि एक दिवस कडी पत्र्याचा लचका घेऊन हातात येते. हा तुकडा लावायला कारागिराला दहा मिनिटं लागतात. सांगितलं तर लावतो, न सांगता लावणारे थोडे. कडी खाली सोडली की बाजूला चपटी बसली पाहिजे. बाहेर डोकावणारी कडी ट्रकमध्ये शेजारचा फ्रिज खरवडते.

बिजागऱ्या तीन हव्यात, लांब पट्टीच्या. कुलपाच्या कड्या दोन हव्यात, लांबीचे तीन भाग केले तर दोन सांध्यांवर. ३६ इंचांच्या पेटीला मधोमध एकच कडी असेल तर कुलूप लावलेलं असतानाही झाकणाचा कोपरा उचलून आत हात घालता येतो. दोन कुलपं घेताना एकाच किल्लीची जोडी मागावी.

पत्र्याची जात आणि रंग या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा सहसा गंजत नाही म्हणून चांगला, पण त्यावर थेट ऑइलपेंट धरत नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि त्यावर लिहिलेलं नावही त्यांच्याबरोबर जातं. जीआय घ्यायचा तर जस्तासाठीचा वेगळा प्रायमर आधी लावायला सांगावा. साध्या काळ्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा एक हात आणि वर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात, एवढं पुरतं, पण रेड ऑक्साइड आतूनही आणि तळाखालूनही लागलं पाहिजे. लातूर-धाराशिवकडच्या कोरड्या हवेत आतून न रंगवलेली पेटी वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणून इथले कारागीर आतला रंग गाळतात. त्यांचा अनुभव इथल्यापुरता खरा आहे. तीच पेटी आसामात किंवा पावसाळ्यातल्या बेळगावात नेली की आतला पत्रा घाम धरतो आणि पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग पडतात. ते डाग निघत नाहीत. रंग झाल्यावर पेटी उघडी ठेवून आठवडाभर उन्हात वाळवावी. एप्रिलचं आपल्याकडचं ऊन असेल तर चार-पाच दिवसही बास. वास पूर्ण जायच्या आत कपडे भरले तर तो वास कपड्यांत मुरतो.

पेटी ताब्यात घ्यायच्या आधी दोन परीक्षा दुकानातच होतात. मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवावा, झाकण बंद करावं, शटर अर्धं ओढायला सांगावं आणि चारी बाजूंनी वाकून बघावं. कोपऱ्यातून उजेडाची रेघ दिसली तर तिथून धूळही जाणार आणि झुरळही. मग टॉर्च काढून झाकणावर तांब्याभर पाणी ओतावं. झाकणाचा काठ पेटीवर किमान इंचभर उतरत असेल तर पाणी बाहेरून खाली ओघळतं, आत थेंब येत नाही. चांगला पेटीवाला याला नाही म्हणत नाही.

मापांबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक इथेच महाग पडते. ३६×२०×१८ च्या पेटीत सुमारे २१० लिटर जागा असते. तिच्यात घडी करून कपडे, चादरी, स्वेटर भरले तर ४० ते ५० किलो होतात. पेटीचे १५ धरून पंचावन्न ते पासष्ट, म्हणजे दोघींना उचलता येतं. तीच पेटी मुलांच्या पुस्तकांनी भरली तर आतलंच वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं, आणि ज्वारीने भरली तर दीड क्विंटलच्या वर. चार माणसं लागतात, आणि ती मिळाली तरी कडी टिकत नाही. म्हणून मोठी पेटी फक्त कपड्यांसाठी. पुस्तकं, भांडी, धान्य यांना २४×१४×१२ ची छोटी पेटी. ती रिकामी सात-आठ किलोची असते आणि तिच्यात ज्वारीचं पन्नास किलोचं एक पोतं रिकामं होतं. त्याहून जास्त ज्वारी नेऊ नये. उन्हाळ्यात किडे पडले तर दुसऱ्या राज्यात निवडून-वाळवून घ्यायला अंगण असेलच असं नाही.

मधली ३०×१७×१५ ची बनवली तर तिन्ही एकात एक बसतात, कड्या आणि कुलपाच्या पट्ट्यांना जागा धरून. क्वार्टरमध्ये गेल्यावर रिकाम्या पेट्या ठेवायला खोली नसते, तेव्हा हे उपयोगी पडतं. ३६ इंचांच्या दोन पेट्या एकाच उंचीच्या घेतल्या की लांबीला लांबी लावून सहा फुटांची बैठक होते. वर पातळ गादी आणि सोलापुरी चादर टाकली की आल्या-गेल्याला बसायची सोय होते, सोफा न्यायची-आणायची दगदग वाचते. त्यासाठी दोन्ही पेट्या एकाच दिवशी एकाच कारागिराकडून बनवाव्यात. अर्ध्या इंचाचा फरकही बसल्यावर जाणवतो.

तळाला इंचभर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या लावून घ्याव्यात. जमिनीची ओल वर चढत नाही आणि दोर खालून सहज घालता येतो.

रेल्वेने जायचं असेल तर वेगळा हिशेब. डब्यात सोबत न्यायच्या पेटीची कमाल मर्यादा १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच अशी आहे. एसी थ्री टियर आणि एसी चेअर कारमध्ये तर ५५×४५×२२.५ एवढीच. १८ इंच उंचीची पेटी म्हणजे जवळजवळ ४६ सेंटिमीटर, ती डब्यात बसत नाही, लगेज ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्येच, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातच टाकावी लागते. फुकट सामान स्लीपरला ४० किलो, थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. सचखंड एक्स्प्रेसने नांदेड, परभणी, जालना किंवा संभाजीनगरहून थेट अंबाला, लुधियाना, जालंधर, अमृतसरकडे जाणाऱ्या कुटुंबांनी एक चपटी पेटी वेगळी बनवून घ्यावी: ३६×२०×९ इंच, तळाला लाकडी पट्ट्या न लावता. ती स्लीपरच्या नियमात बसते आणि बर्थखाली सरकते. प्रवासात लागणारं आणि पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत लागणारं सगळं हिच्यात: तवा, काटवट, कुकर, दोन ताटं, काळ्या मसाल्याची बरणी, मुलांचे शाळेचे दाखले. बाकी सामान मागून आठ-दहा दिवसांनी आलं तरी पहिल्या संध्याकाळी भाकरी होते.

बुक केलेल्या पेटीला गोणपाट शिवून घ्यावं, दाभण आणि सुतळीने, चारही कोपरे दुहेरी. रंग वाचतो आणि कुलूप दिसत नाही. किंमत जाहीर करून जादा शुल्क भरलं नसेल तर लगेज हरवल्यास रेल्वेची जबाबदारी किलोला १०० रुपयांपुरतीच असते. साठ किलोच्या पेटीला सहा हजार. हा आकडा लक्षात ठेवला की दागिने, मूळ कागदपत्रं आणि पैठणी ब्रेकव्हॅनच्या पेटीत का घालायची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

ट्रकने नेणाऱ्यांना वजनाच्या सरकारी मर्यादेची चिंता सहसा पडत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर बदलीच्या सामानाची मर्यादा पगाराच्या लेव्हल ४ पर्यंत १५०० किलो, लेव्हल ५ ला ३००० आणि लेव्हल ६ पासून वर ६००० किलो आहे. शिपाई लेव्हल ३ ला, नाईक ४ ला, हवालदार ५ ला, नायब सुभेदार ६ ला. शिपायाच्या दीड टनातही आठ-दहा पेट्या आरामात जातात. ट्रकमध्ये मात्र पेट्या तळाला, केबिनच्या बाजूला लावून घ्याव्यात आणि फ्रिज, वॉशिंग मशीन त्यांच्या मागे. पेट्या फ्रिजवर चढवू देऊ नयेत, हमाल कितीही "काय होत नाही" म्हणाला तरी.

नाव पांढऱ्या ऑइलपेंटने, झाकणावर आणि लांबीच्या एका बाजूला. हुद्दा आणि आडनाव, मोबाइल नंबर, गावाकडचा पिनकोड आणि पेटीचा क्रमांक, जसं ४/९, म्हणजे नऊ पेट्यांतली चौथी. युनिटचं नाव आणि ठिकाण पेटीवर मोठ्या अक्षरात लिहायची रीत जुनी आहे, पण ती सोडावी. स्टेशनवर ते कुणालाही वाचता येतं. सामान पोचवायचा पत्ता वेगळ्या कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडीला बांधावा, म्हणजे पुढच्या बदलीला पेटी खरवडून पुन्हा रंगवावी लागत नाही. प्रत्येक पेटीत काय आहे याची यादी एका वहीत लिहून ती वही पर्समध्ये ठेवावी. यादी झाकणाच्या आत चिकटवण्यात अर्थ नाही, शोधायला पेटी उघडावीच लागते.

फील्ड पोस्टिंगच्या काळात कुटुंब सासरी राहतं आणि पेट्याही तिथेच राहतात. माळवदाच्या जुन्या घरात असतील तर भिंतीपासून वीतभर लांब, दोन-दोन विटांवर ठेवाव्यात. माळवद गळलं नाही तरी पावसाळ्यात भिंत ओल धरते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर हातात चुरला जाईल इतका वाळलेला हवा. अर्धवट वाळलेला पाला बंद पेटीत बुरशी आणतो आणि मग दोष पेटीला दिला जातो. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यांत ठेवाव्यात. जरीच्या साडीला त्या टेकू देऊ नयेत, जरतार काळी पडते. रेशमी साड्या जुन्या धुवट सुती धोतराच्या कापडात गुंडाळाव्यात, वर्तमानपत्रात नाही, शाई उतरते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पेट्या एकदा उघडून दिवसभर ऊन द्यावं आणि साड्यांच्या घड्या बदलाव्यात.

पर्याय विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पॅकर्सचे पुठ्ठ्याचे खोके काचेच्या सामानाला चांगले, पण पाऊस लागला की संपले, आणि दुसऱ्या बदलीला उरत नाहीत. प्लायवुडची खोकी टीव्हीला आणि शिलाई मशीनला घ्यावीत. प्लॅस्टिकचे झाकणाचे ड्रम धान्याला उत्तम, पेटीपेक्षाही चांगले, फक्त गोल असल्याने ट्रकमध्ये जागा खातात. चाकांच्या सुटकेसा माणसाबरोबरच्या प्रवासाला; त्यांच्यावर पेटी ठेवता येत नाही.

ज्यांची नोकरी दोन-तीन वर्षांतच संपणार आहे त्यांनी नवी बनवू नये. तयार २४ गेजची चालते, फक्त आतून पत्र्याचे तुकडे लावून कड्या बदलून घ्याव्यात आणि दुसरी कुलूपकडी बसवावी. कुठलाही पत्रेकाम करणारा ते एका दुपारीत करून देतो. ज्यांचा संसार आत्ता सुरू होतोय त्यांनी माहेरच्या माणसांना आधीच सांगून ठेवावं की रुखवतात मोराची पेटी नको, त्याच पैशांत २२ गेजची काळी द्या.